'दखल' कोणाची? अदखलपात्र आणि क्षुल्लक

'कायदा क्षुल्लक गोष्टींची दखल घेत नाही' असं एक वचन वाचनात आलं, मूळ लॅटिन, दे मिनिमिस नॉन क्युरात लेक्स. पोलीस एनसी (नॉन-कॉग्निझेबल तक्रार) घेतात तेव्हा 'अदखलपात्र' म्हणतात ते हेच का? दोन्हीकडे दखल आहे म्हणून विचारतेय.

–

नाही हो ताई, इथेच गल्लत होते. अदखलपात्रमधली दखल पोलिसांची. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही, एवढाच अर्थ. गुन्हा आहेच! अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे पण शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते, त्याला कोण क्षुल्लक म्हणेल? लॅटिन वचनात मात्र गुन्हाच धरत नाहीत. आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, ते कलम 95 होतं, आता भारतीय न्याय संहितेत 33, म्हणजे नुकसान इतकं बारीक की साधा समजूतदार माणूस तक्रारच करणार नाही. मेकॉलेने केलेल्या आयपीसीच्या मसुद्यावरच्या टिपांमधली उदाहरणं मला फार आवडतात, की नुसता शब्द धरून बसलं तर दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला की चोरी, घोड्यावरून जाताना कोणावर धूळ उडवली की हल्ला आणि गाडीत चढताना रेटलं की इजा. त्या हिशोबाने अख्खी विरार लोकल आत जाईल.

–

पण मुद्दाम केलं असेल तर?

–

तरी लागू होऊ शकतं. मुंबईचीच केस आहे, घरमालक-भाडेकरूंचं भांडण, रागात कागदांची फाईल फेकली नवऱ्यावर आणि लागली बायकोच्या कोपराला, ओरखडा आला. सुप्रीम कोर्टाने 1966 मध्ये 95 लावलं आणि सांगितलं की हे कलम फक्त चुकून घडलेल्या गोष्टींपुरतं नाही. मात्र नुसती जखम मोजत नाहीत, कोणी, कोणाला, कुठल्या हेतूने केलं तेही बघतात. पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक केपीएस गिल यांच्यावरच्या विनयभंगाच्या प्रकरणात हायकोर्टाने 95 चा आधार घेऊन एफआयआर रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने 1995 ला ते फिरवलं, बाईच्या विनयभंगाला क्षुल्लक म्हणता येणार नाही म्हणून. बरोबरच केलं.

–

मग मराठीत 'किरकोळ' म्हटलं तर चालेल?

–

मी नाही वापरणार. किरकोळ गुन्हा म्हटलं की लोकांना दंड भरून सुटायची केस वाटते, म्हणजे परत गुन्हा आलाच की. 'नगण्य' बरा. आणि 'दखल घेत नाही'च्या जागी सरळ 'गुन्हा मानत नाही' लिहा, एनसीचा घोळ तिथेच मिटतो.