'मागास सुसंगतता' की आणखी काही?

मूळ प्रश्न : एका सॉफ्टवेअर टूलकिटच्या (प्रोग्रामना तयार बटणे, चिन्हे पुरवणाऱ्या साहित्याच्या) नव्या आवृत्तीची टिपणे मराठीत आणताना एका वाक्यावर अडले आहे. डीफॉल्ट, म्हणजे काही न निवडता आपोआप लागू होणारे, आयकॉन बदलले असून बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीसाठी, म्हणजे जुन्या आवृत्तीवर बेतलेले प्रोग्राम नव्यातही चालावेत यासाठी, जुना संच ठेवला आहे, एवढाच त्याचा आशय. मी 'मूळ चिन्हे बदलली आहेत. मागास सुसंगततेसाठी जुना संच कायम आहे' असे लिहिले. तपासणाऱ्यांनी 'मागास' खोडून 'पूर्वसुसंगतता' केले आणि 'मूळ'वर प्रश्नचिन्ह काढले. योग्य काय?

प्रतिसाद १ : 'मागास' गेला हे उत्तम झाले. मागास म्हणजे प्रगतीत मागे राहिलेला. मागच्या आवृत्तीशी असलेले नाते त्यातून कळत नाही. पण पूर्वनियोजित म्हणजे आधीच योजलेले, तसे 'पूर्वसुसंगत' म्हणजे आधीपासून सुसंगत असेच मला वाटते. 'जुन्याशी जुळते' म्हणावे.

प्रतिसाद २ : 'जुन्याशी जुळते' बोलायला छान आहे, परंतु त्याची भाववाचक संज्ञा करून दाखवा. टिपणांत हा शब्द पानोपानी येतो. 'संगणक'सुद्धा घडवलेलाच शब्द आहे आणि तो रुळला. शिवाय 'संगत'मध्ये 'गम्' धातू आहे, म्हणजे बरोबर जाणे, आणि इथे तोच अर्थ हवा आहे.

प्रतिसाद ३ : बरोबर काय जाते, ते आधी ठरवावे लागेल. प्रोग्राम टूलकिटकडे चिन्ह नावाने मागतो. नाव तेच ठेवून त्यामागचे चित्र बदलले, तर प्रोग्राम विनातक्रार चालतो. पण १६ पिक्सेलच्या जागी २४ पिक्सेलचे चित्र आले की बटणांची पट्टी उंच होते, मदतपुस्तिकेतली चित्रे जुनी ठरतात आणि पडद्याची चित्रे ताडून पाहणाऱ्या चाचण्या नापास होतात. म्हणजे नावाची सुसंगती टिकली आणि रूपाची मोडली. मी असा बदल निस्तरला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की 'सुसंगतता' एकटा शब्द पुरत नाही.

प्रतिसाद १ : जीटीके या टूलकिटमध्ये तर नावेच बदलली. ३.१० या आवृत्तीत, २०१३ साली, 'जीटीके-सेव्ह'सारखी ठेवणीतली (स्टॉक) नावे डेप्रिकेटेड, म्हणजे अजून चालणारी पण पुढे काढली जाणारी, ठरली आणि त्याऐवजी 'डॉक्युमेंट-सेव्ह' वापरा असे सांगितले गेले. डेप्रिकेटेडला सर्रास 'कालबाह्य' लिहितात, ते चूक आहे, कारण ती नावे त्यानंतरही चालत होती. २०२०च्या जीटीके ४मध्ये ती काढली गेली. याला 'मावळते' म्हणावे. मावळते अध्यक्ष पदावर असतात, कामही करतात, पण त्यांचे जाणे ठरलेले असते.

प्रतिसाद २ : 'मावळते' व्यक्तीला शोभते, प्रोग्राममधल्या नावाला 'मावळते' म्हटले तर वाचक थबकेल. 'वापर टाळावा' असे स्पष्ट लिहावे.

प्रतिसाद ३ : तो आदेश झाला, विशेषण नव्हे. 'मावळते' मला पटते.

मूळ प्रश्न विचारणारी : 'मूळ'चे अजून राहिले आहे. 'मूळ चिन्हे' म्हटल्यावर वाचकाला आधीची चिन्हे वाटतात, आणि मला तर नव्याने लागू झालेली सांगायची आहेत. 'पूर्वनिर्धारित' घेतले तर शेजारी 'पूर्वसुसंगतता' येते आणि एकाच वाक्यात दोन 'पूर्व' दोन अर्थांनी उभे राहतात.

प्रतिसाद १ : त्यापेक्षा जुन्या संचाला 'मावळता संच' लिहून पाहा, म्हणजे 'पूर्वसुसंगतता' लागणारच नाही.