अफरातफर, अपहार की लाटणे?

लोकमान्य नगर, इंदूर : संशोधनाच्या अनुदानातल्या फसवणुकीवर लिहिताना 'अनुदानाची अफरातफर' असं लिहिलं. मुलगा म्हणाला, "आई, पैसे आल्यावर अफरातफरी कशाला होईल?" हिंदी शाळेत शिकलेला, त्याला अफरातफरी म्हणजे पळापळ. अपहार लिहू का? की सरळ घोटाळा?

रामबाग : ताई, मूळ एकच. अरबी 'इफ्रात' म्हणजे अतिरेक, 'तफ्रीत' म्हणजे उणीव. हिंदीने त्यातला गोंधळ उचलला, मराठी दप्तराने हिशेबातला. मी तरी असा भेद करीन : सूक्ष्मदर्शकासाठी आलेल्या पैशांतून साहेबांच्या खोलीत एसी बसवला तर अफरातफर, खिशात घातले तर अपहार. घोटाळा फार ऐसपैस, त्यात साधी चूकही मावते.

लोकमान्य नगर : आणि पैसे वळवले नाहीत, खाल्लेही नाहीत, पण मिळवलेच खोट्यावर, तर? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठावर असा आरोप होता. उंदरांच्या फुफ्फुसांवरच्या प्रयोगांची बनावट आकडेवारी दाखवून सरकारी अनुदानं घेतली म्हणून. २०१९ मध्ये विद्यापीठाने ११ कोटी २५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

रामबाग : मग 'लाटणे'. पैसा पुढे कुठे गेला हा प्रश्नच नाही, हक्क नसताना पदरात पाडून घेतला एवढं पुरे. त्याच प्रयोगशाळेतल्या एका कर्मचारी बाईंनी विद्यापीठाचा पैसा स्वतःवर उडवला होता. २०१३ मध्ये तो अपहार सापडला, आणि मग तिच्या आकड्यांकडे लक्ष गेलं!

ग्वाल्हेर : महालेखाकार कार्यालयात नोकरी झाली म्हणून बोलतो. कागदावर 'लाटलं' कोणी लिहीत नाही. 'अपहार'सुद्धा आम्ही जपून लिहायचो, कारण हेतू सिद्ध करावा लागतो. 'उपयोगिता प्रमाणपत्र अप्राप्त' एवढं लिहिलं की भागतं. ज्या कामासाठी अनुदान दिलं त्यावरच ते खर्च झालं, अशी त्या प्रमाणपत्रावर संस्था सही करते. खर्च खरा, बिलं खरी, सही खरी आणि प्रयोग तेवढा खोटा असेल, तर तो कागद मुका. तिथे आतलाच माणूस बोलायला हवा.

वैशाली नगर : आमच्या ऑफिसात अशाला 'मुखबिर' म्हणतात. ते ऐकूनच कोणी बोलत नाही.

रामबाग : जागल्या म्हणा. रात्री गावाची राखण करायचा तो. मराठी वर्तमानपत्रांनी शब्द रुळवलाय. मुखबिर, खबऱ्या हे पोलिसांचे, आणि चहाडखोर स्वतःच्या लाभासाठी साहेबाच्या कानाला लागतो.

लोकमान्य नगर : लाभ म्हणाल तर ड्यूकचं प्रकरण उघड करणाऱ्या जागल्याला ३ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले की! अमेरिकेच्या १८६३ च्या कायद्यानुसार, वसुलीतला हिस्सा.

ग्वाल्हेर : मिळू देत. बातमी खरी होती ना? आपल्याकडे हिश्श्याचं नावच नको. सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे २००३ मध्ये गयेत गोळी घालून मारले गेले. त्यानंतर २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रारीची सोय झाली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही.

वैशाली नगर : काका, बाई असेल तर 'जागली' म्हणायचं का?

रामबाग : तिलाही जागल्याच म्हणा. 'जागली' म्हटलंत तर रात्रभर झोप लागली नाही एवढंच कळेल.