न्यू जर्सी: ज्युरीत सहाच जण, त्यातले पाच पुरेसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी एडिसनजवळ सिग्नलला थांबले असताना मागून गाडी धडकली. खांदा अजून धड नाही, पोळी लाटताना हात अर्ध्यावर थांबतो. आता दिवाणी दावा ट्रायलला येतोय. वकील म्हणाले, ज्युरी सहा जणांची, पाच आपल्या बाजूने आले की झालं. माझ्या डोक्यात बारा जण आणि तेही एकमताने! त्यात नाशिकहून सासरे सांगतात, नानावटी खटल्यात नऊ होते, आठ विरुद्ध एक.

बारा जण मागता येतात का? आणि ज्युरीपुढे प्रश्न तीन-चार असतात: चूक कोणाची, इजा त्यामुळेच झाली का, भरपाई किती. प्रत्येक वेळी तेच पाच लागतात का? वकिलांचं उत्तर एकच, "काळजी करू नका."

प्रतिसाद

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. तेच पाच लागत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला कोणतेही पाच चालतात. म्हणजे "समोरच्याची चूकच नाही" म्हणून एकटा पडलेला सहावा भरपाईच्या चर्चेतही बसतो, मत देतो आणि आकडा खाली ओढू शकतो. वकिलांना विचारायचं तर हे विचारा.

बारा जण सबळ कारण दाखवून मागता येतात, मग दहांचं मत लागतं. साध्या अपघातासाठी मी तरी त्या भानगडीत पडणार नाही. कोर्टात सहापेक्षा जास्त माणसं बसलेली दिसली तर दचकू नका, काही राखीव असतात.

प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात दिवाणीला बारातले नऊ पुरतात, फ्लोरिडात सहाच पण सहाही एकमताने. तुमच्या डोक्यातलं एकमत फौजदारीतलं. तिथेही लुइझियाना आणि ओरेगनमध्ये दहा-दोनवर माणूस दोषी ठरायचा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रामोस निकालाने ते थांबलं. सहाच्या ज्युरीला त्याच कोर्टाने 1970 साली मान्यता दिली, पण जॉर्जिया पाचावर उतरल्यावर 1978 मध्ये नकार दिला.

सासऱ्यांना म्हणावं, आठ-एकने सुटूनही सेशन्स जजनी ते मानलं नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं.

धागाकर्ती

खूप आभार. सहाव्या माणसाचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या वकिलांना फोन करते, "काळजी करू नका"वर ठेवणार नाही.