अल्बम सरस की त्यातली दोन गाणीच? अनुभव सांगा

एका आवडत्या अल्बमची पुनर्मुद्रित आवृत्ती परवा ऐकली. मूळ शेवटच्या गाण्यानंतर जी शांतता अपेक्षित होती, तेथे तीन जादा गाणी सुरू झाली आणि ती वाईट नसूनही अल्बमचा शेवटच हरवला. गाणी चांगली असूनही अल्बम फसला, किंवा उलट घडले, असे तुम्हाला कधी जाणवले आहे का?

तबकडी : मी एलपीची (सुईवर वाजणाऱ्या मोठ्या तबकडीची) प्रत्येक बाजू वेगळी जोखते. एका बाजूला साधारण २२ मिनिटे मावतात, आणि सुई केंद्राकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खोबणीचा वेग घटत असल्यामुळे तीव्र स्वर तेथे फाटण्याची शक्यता वाढते. म्हणून पुष्कळदा बाजूच्या अखेरीस संथ गाणे ठेवीत. केवळ त्या जागेमुळे एखाद्या गाण्याला ‘हळवा समारोप’ म्हणून गौरवण्यापूर्वी मी आता थांबते.

मंद्रसप्तक : सीडीत ७४ मिनिटे मावू लागली आणि भरतीच्या गाण्यांना घर मिळाले! चाळीस मिनिटांत संपणाऱ्या अल्बमला माझ्याकडून आधीच एक गुण जास्त.

एक श्रोता : मंद्रसप्तक, लांबी हा दोष नव्हे, निवड न करणे हा दोष. माझा अनुभव आवाजाच्या पातळीचा आहे. जुनी आणि नवी आवृत्ती लागोपाठ ऐकली की नवी नेहमी सरस वाटे, परंतु दोन्हींचा आवाज समान केल्यावर लक्षात आले की नवीत हळू आणि मोठ्या जागांमधला फरकच दाबून टाकला होता. मोठा आवाज कानाला चांगला भासतो, एवढेच.

तबकडी : अगदी खरे. तुमची सुई कोणती, हे जाता जाता सांगाल का?

एक श्रोता : सुई नाही, दोन्ही सीडीच आहेत.

निषाद : तांत्रिक दोष म्हणजे सांगीतिक दोष नव्हे, हेही नोंदवावेसे वाटते. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची पहिली बाजू मुद्रणाच्या वेळी ध्वनिमुद्रणयंत्र मंद चालल्यामुळे नेहमीच्या वेगाने ऐकताना किंचित चढ्या पट्टीत वाजत असे आणि ती दुरुस्ती थेट १९९०च्या दशकात झाली, तोवर लोकांनी त्या चढ्या स्वरांतच तो अल्बम डोक्यावर घेतला होता. मला तर दुरुस्त केलेली आवृत्ती सुरुवातीला सुस्त वाटली.

मंद्रसप्तक : निषाद, सवयीला गुण देता येत नाहीत. दुरुस्त आवृत्तीच ऐका.