मदत हवी आहे: एआय ॲपमध्ये फोटो सुधारताना माल बदलू नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. आईच्या बचत गटातल्या बाया उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे (हाताने थापलेले पापड), कुरडया, उडदाचे पापड करतात आणि वर्षभर काळा मसाला. आजवर माल ओळखीपाळखीतून आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या लोकांकडे खपायचा. आता ऑनलाइन विकायचं ठरलंय आणि फोटोंचं काम माझ्याकडे आहे.

ॲमेझॉनला पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग भरलेला हवा, आणि झूम चालायला लांब बाजू किमान १,००० पिक्सेल. म्हणून एक एआय ॲप घेतलं. पार्श्वभूमी झकास आली, पण मालच बदलला.

बिबडा हाताने थापलेला असतो. कडा वेडीवाकडी, अंगावर ज्वारीच्या भरड कण्या, वर आलेले तीळ, मिरचीचे लाल कण, कुठे बोटाचा ठसा. ॲपने ते सगळं पुसून गोल, गुळगुळीत, पांढुरका पापड करून ठेवला. ज्याला बिबडे माहीत आहेत तो हे घेणार नाही, आणि ज्याला माहीत नाहीत तो पार्सल उघडून परत पाठवेल. काळा मसाला तर तांबूस केला. तो रंग बघून आमच्याकडे कुणीही म्हणेल, खोबरं नीट भाजलेलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे लेबल. मराठी जोडाक्षरं मोडून भलतीच चिन्हं आली आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न परवान्याच्या, १४ अंकी नंबरातले आकडे बदलले. दिसायला पाकीट देखणं, पण नंबर दुसराच! हे मला अजिबात चालणार नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळती असावी असं आहे. नियम नसता तरी बायांनी उन्हात बसून केलेला मालच लोकांना दिसायला हवा.

तर पार्श्वभूमी बदलेल पण मालाला हात लागणार नाही, अशी पद्धत कुणी वापरतं का? पारदर्शक पाकिटाच्या कडाही कापल्या जातात, त्याला काय करावं?

प्रतिसाद

दादा, मी धुळ्यात साड्यांचे फोटो करते. जरीचा रंग बदलला की साडी परत येते, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे.

या ॲपांत दोन वेगळी कामं असतात. एक, वस्तूची कड शोधून मागचं कापणं. यात वस्तूचा फोटो तुमचाच राहतो. दुसरं, वर्णन लिहून दृश्य तयार करून घेणं. त्यात बरेचदा अख्खं चित्र नव्याने काढलं जातं, अक्षरंसुद्धा वाचून नव्हे तर आकार म्हणून काढली जातात. तुमचं लेबल तिथेच बिघडलंय. फक्त पार्श्वभूमी काढा, पीएनजीमध्ये (या प्रकारच्या फाइलमध्ये मागचा भाग पारदर्शक राहतो) ठेवा आणि पांढऱ्यावर बसवा. आपोआप सुधारणा, उजेड बदलणं, स्मूथ करणं हे सगळं बंद. सजावटीचं दृश्य हवंच असेल तर ते रिकामं तयार करून घ्या आणि वर तुमचा कापलेला मूळ फोटो वेगळ्या लेयरवर ठेवा. शेवटी लेबल मोठं करून अक्षर न अक्षर, आकडा न आकडा पाकिटाशी ताडून बघा.

रंगासाठी मालाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. स्नॅपसीड या फोटोच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायचा) ड्रॉपर त्या कागदावर लावला की मसाल्याचा रंग बराचसा जागेवर येतो. भर उन्हात काढू नका, ओसरीत काढा आणि सावलीच्या बाजूला थर्माकोल उभा करा, म्हणजे तिकडेही उजेड परतून पडेल. बिबड्याला उजेड एका बाजूने तिरका द्या, कण्या आणि तीळ आपसूक उठून दिसतील. पारदर्शक पाकीट कापायच्या भानगडीत पडू नका. पांढऱ्या कार्डशीटवरच ठेवून काढा आणि नंतर फक्त मागचा भाग उजळा.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, खूप आभार. ओसरीत तिरक्या उजेडात काढून बघितला, तीळ मोजता येतील इतका स्वच्छ आलाय. लेबलही शाबूत. आता एकच अडचण. बाहेरच्या गिऱ्हाइकाला तळल्यावर बिबडा किती फुलतो ते दाखवायचंय. कढईतून काढल्या काढल्या फोटो घेतला तर तेल चमकतं, निथळू दिला तर तजेला जातो. खाण्याचे फोटो काढणारं कुणी असेल तर सांगा, तळलेल्या पदार्थाचा फोटो नेमका कधी आणि कुठल्या उजेडात घेता?