सौर वीज वाढूनही कोळशाचे संच चालूच का राहतात?

प्रश्न:
राज्यात सौर प्रकल्प झपाट्याने उभे राहत असले, तरी चंद्रपूर आणि कोराडी येथील औष्णिक केंद्रे कोळसा जाळतच आहेत. कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ही बाब मला फार अस्वस्थ करते. दुपारी ऊन भरपूर असताना हे संच बंद का ठेवता येत नाहीत?

प्रतिसाद १:
थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवून संच पूर्ण भारावर, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या वीजनिर्मितीवर, आणायला कित्येक तास लागतात आणि त्यासाठी तेलही जाळावे लागते. सूर्य मावळताच मागणी वाढत असल्याने दुपारी बंद केलेला संच संध्याकाळी हाताशी नसतो. म्हणून तो बंद न करता त्याचा भार उतरवतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार संच 55 टक्के भारापर्यंत उतरवता आला पाहिजे, आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत जायचे आहे. कमी भारावर कार्यक्षमता घसरून प्रत्येक युनिटला थोडा अधिक कोळसा लागतो, तरी एकूण कोळसा वाचतोच.

प्रतिसाद २:
वरील उत्तर योग्य आहे, परंतु मागणीची वेळ बदलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा आणि रात्री वीज देण्याची पद्धत आहे, आणि रात्रीच्या पाळीचा मोठा भार कोळशावर पडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून तिथून शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीवरील पंप दिवसा चालवले जातात. त्यामुळे कोळसा वाचतो, वीज लांबून आणताना होणारी गळती घटते आणि शेतकऱ्याला विंचूकाट्याच्या भीतीत रात्री पाणी द्यायला जावे लागत नाही. ज्या उपायात शेतकऱ्याचे रोजचे हित आहे, तोच टिकेल असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ३:
संध्याकाळच्या घरगुती मागणीला मात्र साठवणच हवी. अकोले तालुक्यातील घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून तेच काम करतो: वीज मुबलक असताना कोकणाच्या बाजूच्या खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. या फेऱ्यात सुमारे पाचवा हिस्सा वीज खर्ची पडते. तरीही एरवी वाया जाणारी दुपारची सौर वीज अशी साठवली, तर संध्याकाळी तेवढा कोळसा कमी जाळावा लागेल. सह्याद्रीच्या कड्यांमुळे पाण्याला मिळणारी उंची ही आपली मोठी जमेची बाजू आहे. मात्र नवे जलाशय बांधताना जंगल आणि वाड्यावस्त्यांचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, तेव्हा काय करावे?

प्रतिसाद १:
त्या महिन्यांत पाऊस चांगला झाल्यास पंपांची मागणीही बरीच उतरते. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे साताऱ्यातील वनकुसवडे पठारासारख्या ठिकाणच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्येच सर्वाधिक वीज देतात, आणि ती रात्रीही मिळते. म्हणून सौर आणि पवन प्रकल्पांचे नियोजन एकत्रच व्हायला हवे.