समुद्रकाठच्या गावात दारी येऊन गाडी धुणारी सेवा: काय विचारून ठरवावे?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा):
नमस्कार. आईवडील निवृत्तीनंतर वलसाडजवळ तिथलला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि त्यांची गाडी बाराही महिने उघड्यावर उभी असते. तिथे आता पाण्याची टाकी व प्रेशर पंप घेऊन दारी येणारी सेवा मिळते. धुणे, आतून व्हॅक्यूम आणि वॅक्स एवढे त्यांच्या साध्या कामात येते, पण सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक संरक्षक थर) केल्यास गंजाची चिंता मिटेल असे ते सांगतात. बाबांना आता गाडी वलसाडपर्यंत नेणे जमत नाही. हा खर्च करावा का?

उत्तर (रावपुरा):
कोटिंगने रंगाची चमक टिकते आणि धुणे सोपे होते, परंतु गंज बहुधा जिथे धरतो तिथे ते लावलेलेच नसते. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल शोषून स्वतःच विरघळते, त्यामुळे कोरडी दिसणारी गाडीसुद्धा खालून खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते. दाराच्या खालच्या कडेला पाण्याच्या निचऱ्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती रेतीने बुजली की आत शिरलेले खारे पाणी तिथेच साचते आणि पत्रा आतून फुगू लागतो. म्हणून कोटिंगचे पैसे वाचवून दरमहा खालून धुणे आणि ही छिद्रे मोकळी करून घेणे मला अधिक गरजेचे वाटते.

उत्तर (मांजलपूर):
माझा पहिला प्रश्न पाण्याचा असेल. किनाऱ्यालगतच्या बोअरचे पाणी पुष्कळदा खारे असते आणि टाकी गावातच भरली जात असेल, तर मीठ मिठानेच धुतले जाते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे छोटे यंत्र, स्वस्त मिळतो, तेव्हा बाबांना टाकीतले पाणी मोजायला सांगा. जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लावला आहे एवढ्यावर समाधान मानू नये, कारण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, विरघळलेले क्षार काढत नाही. सगळे पाणी आरओचे मिळणे अवघड असले, तरी शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा असावा.

उत्तर (अकोटा):
आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गाडीवर रेती असताना फवारा मारून फडक्याने पुसण्याची बिनपाण्याची पद्धत मुळीच नको, कारण वाळूतला क्वार्ट्झ रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा (क्लिअर कोट) कितीतरी कठीण असतो आणि फडके फिरेल तसे ओरखडे उमटतात. आधी नुसत्या पाण्याने रेती वाहून जाऊ द्यावी, मगच शांपू आणि मायक्रोफायबर. दुसरे म्हणजे, गंज लागू नये म्हणून खालून डिझेल मारण्याची आपल्याकडची जुनी सवय सोडावी, कारण त्याने रबरी बुश (खालच्या सांध्यांत धक्के शोषणारे रबराचे तुकडे) फुगून खराब होतात.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. कोटिंग तूर्त नको असे बाबांना कळवतो. टाकी कुठे भरतात आणि खालून धुण्याचे वेगळे किती घेतात, हे विचारूनच महिन्याचे ठरवू.